बारावीचं जर्मन : क्रियापदं आणि काळ कसे पक्के करावेत?

पैनगंगा

नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतेय. ती बारावीला आहे, गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कॉलेजला रोज एसटीने जाणं-येणं. अकरावीत तिने जर्मन घेतलं ते हौसेने घेतलं आणि पहिलं वर्ष चांगलं गेलं. यंदा मात्र शिकवणाऱ्या मॅडम सत्राच्या मध्येच सोडून गेल्या, त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. लेखी ८० गुणांची, तोंडी २० गुणांची. शब्द तिला येतात, उतारा वाचून अर्थही सांगते. अडतं ते क्रियापदापाशी.

तिची वही बघितली. एका रकान्यात इंग्रजीतले काळ ओळीने मांडलेत, सिम्पल प्रेझेंट, प्रेझेंट कंटिन्युअस, प्रेझेंट परफेक्ट, पास्ट परफेक्ट. शेजारच्या रकान्यात जर्मन रूपं. तक्ता घडाघडा म्हणते. पण 'मी काल यवतमाळला गेले' हे जर्मनमध्ये लिही म्हटलं की सहायक क्रियापद 'हाबे' घ्यायचं की 'बिन', इथेच पेन थांबतो. अनियमित क्रियापदांची लांबलचक यादी आहे ती वेगळीच.

मी स्वतः जिल्हा परिषद शाळेवर शिकवते, जर्मन येत नाही. पण व्याकरण पाठ असूनही वाक्य होत नाही म्हणजे काय, हे वर्गात रोज बघते. इथे जाणकार आहेत. हे पक्कं कसं करून घ्यावं? जर्मन शब्द देवनागरीत लिहिलेत तर मलाही तिच्यासोबत बसता येईल.

तूर_हरभरा

ताई, धागा काढला तं लय बरं केलं. माह्या लहान भावाचं नर्सिंग झालं, तोही जर्मनच शिकून राह्यला. २०२४ मधी आपल्या सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यासोबत कुशल माणसं पाठवायचा करार केला, तवापासून आमच्याकडे नर्सिंगवाली, आयटीआयवाली पोरं ह्या भाषेच्या मागं लागली हायत. नर्सिंगले साधारण बी२ पातळी (ए१ ते सी२ ह्या सहा पायऱ्यांतली चौथी) लागते म्हणतात. त्यालेही हेच काळ नडतात. मी वाचत राहतो.

सेवाग्राम_ते_पुणे

ताई, मी मूळचा वर्धा जिल्ह्यातला, पुण्यात जर्मन शिकवतो. मराठी माध्यमातून आलेली बरीच मुलं हातून गेली, त्यावरून सांगतो. तो इंग्रजी तक्ता आधी बाजूला ठेवायला सांगा. मराठी घरातल्या मुलीला जर्मन क्रियापद इंग्रजीतून शिकवणं म्हणजे यवतमाळहून वर्ध्याला मुंबईमार्गे नेणं. जर्मन वाक्याची चाल कित्येक ठिकाणी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहे, आणि नेमक्या ह्याच जागा परीक्षेत विचारतात.

वर्तमानकाळापासून सुरू करू. जर्मनमध्ये तो एकच. आपल्याकडे 'मी शिकते' वेगळं आणि 'मी शिकून राहिले' वेगळं. तिकडे दोन्हीला 'इष लेर्ने'. त्यामुळे वहीतला प्रेझेंट कंटिन्युअसचा रकाना खोडून टाका, त्याच्यासमोर लिहायला जर्मनमध्ये वेगळं रूपच नाही. पुढची गोष्टही एकच रूप सांगतं. आपण 'उद्या नागपूरला जाते' म्हणतो, 'जाईन' म्हणायची गरज पडत नाही. तसंच 'मॉर्गेन फारे इष नाख नागपूर'. 'वेर्डेन' लावून होणारा भविष्यकाळ आहे, पेपरात येतोही, पण बोलताना दिवस किंवा वेळ सांगितली की साधा वर्तमानकाळ पुरतो.

प्रत्ययांची भीती नको. इष (मी) लेर्ने, डू (तू) लेर्न्स्ट, एर (तो) लेर्न्ट, वीर (आम्ही) लेर्नेन, ईर (तुम्ही) लेर्न्ट, झी (ते) लेर्नेन. 'शिकतो, शिकतोस, शिकतात' म्हणणाऱ्याला पुरुषानुसार शेपूट बदलणं नवीन नाही. उलट इथे एक ओझं कमीच आहे. शिकतो-शिकते हा लिंगभेद जर्मन क्रियापदात नाही, तो असो की ती, 'लेर्न्ट'च. फक्त काही क्रियापदांचा स्वर 'डू' आणि 'एर'बरोबर बदलतो : फारेन पण डू फेअर्स्ट, लेझेन पण डू लीस्ट, नेमेन पण डू निम्स्ट. ती मात्र पाठच करायला हवीत.

आता भूतकाळ. बोलण्यातला भूतकाळ म्हणजे परफेक्ट, दोन तुकड्यांचा : 'इष हाबे डास बूख गेलेझेन'. शब्दाला शब्द ठेवला तर 'मी – आहे – पुस्तक – वाचलेलं'. सहायक क्रियापद दुसऱ्या जागी आणि मुख्य क्रियापद शेवटी. क्रियापद शेवटी ठेवायची आपल्याला जन्मापासून सवय आहे. लक्षात ठेवायची ती फक्त दुसरी जागा.

सहायक क्रियापदं दोन : 'हाबेन' (जवळ असणं, 'इष'बरोबर 'हाबे') आणि 'झाइन' (असणं, 'इष'बरोबर 'बिन', 'एर'बरोबर 'इस्ट', अनेकवचनी 'झिंट'). 'हाबे' की 'बिन' ह्याचं उत्तर भाचीच्या तोंडातच आहे. वाक्य मराठीत भूतकाळात म्हणून बघायचं. मुलगा 'मी गेलो' म्हणतो, मुलगी 'मी गेले' म्हणते, म्हणजे क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे बदललं, तर 'बिन' : इष बिन गेगांगेन. 'मी आंबा खाल्ला, मी भाकर खाल्ली' इथे बोलणारी मुलगी आहे की मुलगा ह्याने फरक पडत नाही, क्रियापद आंब्या-भाकरीप्रमाणे चालतं, तर 'हाबे' : इष हाबे गेगेसेन. आले, पोचले, घरी राहिले, आजारी झाले, ही सगळी 'बिन'ची. केलं, लिहिलं, विकत घेतलं, बघितलं, आणलं, ही सगळी 'हाबे'ची. 'डी बाउमवोले इस्ट गूट गेवाक्सेन', कापूस चांगला वाढला. कापूस स्वतः वाढला, कोणी काही केलं नाही, म्हणून 'इस्ट'. 'वीर हाबेन बाउमवोले गेफ्ल्युक्ट', आम्ही कापूस वेचला. इथे 'हाबेन'. इंग्रजीत दोन्हीकडे 'हॅव'च येतं. त्यामुळे तिकडून आलेल्या मुलाला हा फरक मुळात दिसतच नाही.

मेळघाटी

सेवाग्राम, पद्धत सुंदर आहे, पण ताईंची भाची ती जशीच्या तशी पेपरात वापरेल म्हणून एक हरकत आत्ताच नोंदवतो. मराठीत 'मी झोपलो, मी हसलो, मी रडलो, मी खेळलो' हे सगळं कर्त्याप्रमाणे चालतं. जर्मनमध्ये ह्या चारही ठिकाणी 'हाबे' लागतं. 'मी शिकलो, मी बोललो, मी विसरलो, मी जेवलो' ह्यांचंही तेच. तुमच्या कसोटीने पोरगी 'इष बिन गेलेर्न्ट' लिहून येईल आणि गुण जातील.

सेवाग्राम_ते_पुणे

हरकत अगदी रास्त आहे आणि वेळेवर आली. म्हणून चाळण्या दोन लावायच्या.

पहिली मराठीची. क्रियापद कर्माप्रमाणे चाललं की डोळे मिटून 'हाबे', ह्या बाजूला फसगत फार क्वचित होते. क्रियापद कर्त्याप्रमाणे चाललं की लगेच 'बिन' लिहायचं नाही, दुसरा प्रश्न विचारायचा : माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला का, किंवा एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत गेला का? गेला असेल तर 'बिन'. नसेल तर 'हाबे'. हसताना, रडताना, झोपलेलं असताना जागा बदलत नाही, अवस्थाही तीच, म्हणून 'इष हाबे गेश्लाफेन'. पण डोळा लागला, जागेपणातून झोपेत गेलो, त्याला वेगळं क्रियापद आहे आणि ते 'बिन' घेतं : इष बिन आइनगेश्लाफेन. जाग आली, इष बिन आउफगेवाख्ट. ह्या नियमाबाहेरची दोन नेहमी लागतात ती पाठ करायची : असणं आणि राहणं. 'इष बिन गेवेझेन', 'इष बिन त्सू हाउझे गेब्लीबेन'. मराठीच्या चाळणीत तीही 'बिन'च्याच बाजूला पडतात.

आता एक जोडी बघा, वर्गात मी ही हमखास देतो. 'इष बिन मिट डेम ट्राक्टोर गेफारेन', मी ट्रॅक्टरने गेलो. 'इष हाबे डेन ट्राक्टोर गेफारेन', मी ट्रॅक्टर चालवला. जर्मन क्रियापद दोन्हीकडे 'फारेन'च. पुस्तक म्हणतं, कर्म आलं की 'हाबेन' घ्या. मराठी मुलाला हे सांगावंच लागत नाही. 'गेलो' आणि 'चालवला' म्हटलं की उत्तर समोर असतं.

अंबानगरी

मी अमरावतीची, बरीच वर्षं श्टुटगार्टला आहे. वरच्या चर्चेला इकडची एक पुस्ती जोडते.

प्रमाण भाषेत बसणं, उभं असणं, पडून असणं ह्या तिन्हींना 'हाबे' लागतं. इष हाबे गेझेसेन, इष हाबे गेश्टांडेन. पण दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इकडे लोक 'इष बिन गेझेसेन, इष बिन गेश्टांडेन' म्हणतात आणि ते इकडे चूक मानत नाहीत. परीक्षेला प्रमाण रूप लिहावं. तूर_हरभरा, तुमच्या भावाला मात्र सांगून ठेवा, बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे दक्षिणेतलंच राज्य आहे. इस्पितळात पेशंट 'बिन' म्हणतील, तेव्हा आपलंच शिकलेलं चुकलं असं त्याला वाटू नये.

दुसरं, कोणता भूतकाळ कुठे. इकडे दुकानात, बसमध्ये, फोनवर सगळं परफेक्टमध्ये चालतं. प्रेटेरिटुम, म्हणजे एकाच शब्दाचा भूतकाळ, वर्तमानपत्रात, गोष्टींत, अहवालात. पण काही शब्द बोलतानाही त्याच रूपात येतात : 'वार' म्हणजे होतो-होते, 'हाटे' म्हणजे जवळ होतं, 'एस गाप' म्हणजे तिथे होतं, आणि कोन्टे, मुस्टे, वोल्टे ही शकणं, लागणं, हवं असणं ह्यांची रूपं. पेपरात मैत्रिणीला पत्र किंवा ई-मेल असेल तर परफेक्ट आणि सोबत हे सहा शब्द. गोष्ट पूर्ण करायला दिली असेल तर प्रेटेरिटुम.

तूर_हरभरा

अंबानगरी ताई, भावाले वाचून दाखवलं. त्याच्या ऑनलाइन क्लासमधी एक जण व्हिडिओत 'बिन गेश्टांडेन' म्हणत होता, ह्यानं त्याले चूक म्हणून लिहून ठेवलं होतं. आता खोडलं त्यानं.

पैनगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी लाइट गेली होती, अंगणात बसून दोघींनी तोंडीच केलं. मी मराठीत क्रियापद म्हणायचं, तिने 'हाबे' की 'बिन' ते सांगायचं. 'पोचले' – बिन. 'धुतलं' – हाबे. 'पडले' – बिन. 'हसले' म्हटलं तर ती थांबली, जागा बदलली नाही म्हणाली, आणि 'हाबे'. इतके दिवस जे पाठ करत होती ते पहिल्यांदा तिने विचार करून सांगितलं. मला फार बरं वाटलं.

पण वहीत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. तिने लिहिलंय : 'इष वार गेस्टर्न नाख यवतमाळ गेफारेन'. मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारलेली, कारण दिलेलं नाही. 'मी काल यवतमाळला गेले होते', मराठीत तर बरोबर आहे. मग चुकलं काय?

सेवाग्राम_ते_पुणे

ताई, हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं झालं, कारण आतापर्यंत आपल्या बाजूने चाललेली मराठी नेमकी इथे दगा देते.

आपण 'गेले होते' हे साध्या भूतकाळासारखं वापरतो. काल गेले होते, आले परत, संपलं. जर्मनमध्ये 'वार गेफारेन' किंवा 'हाटे गेगेसेन' हे रूप एकटं येत नाही. ते दुसऱ्या एखाद्या भूतकाळातल्या घटनेच्या आधीचं काही सांगायला लागतं. आधी काय आणि नंतर काय, अशा दोन गोष्टी हव्यात. 'आल्स इष त्सुम बुसबानहोफ काम, वार डेर बुस शोन आपगेफारेन'. मी स्टँडवर पोचले तेव्हा बस सुटली होती. पोचणं नंतरचं, सुटणं आधीचं, म्हणून सुटण्याला 'वार आपगेफारेन'. नुसतं 'काल यवतमाळला गेले होते' असेल तर 'इष बिन गेस्टर्न नाख यवतमाळ गेफारेन'. आणि तिथे असण्याला महत्त्व असेल तर सोपं वाक्य : 'इष वार गेस्टर्न इन यवतमाळ'.

तिला सांगा, मराठीत शेवटी 'होतो, होते, होतं' आलं की एकदा थांबायचं. वाक्यातून ते काढून बघायचं. 'मी काल यवतमाळला गेले' म्हणून अर्थ टिकला तर परफेक्ट. 'मी पोचले तेव्हा बस सुटली' ह्याचा अर्थ वेगळाच होतो, मी समोर असताना सुटली असा. तिथे 'होती' काढता येत नाही, म्हणून तिथेच 'वार'.

आमच्याकडच्या मुलांच्या वह्यांत ही चूक मी खूप बघितली आहे. 'होते' म्हटलं की हात आपोआप 'वार'कडे जातो. कारण एकदा कळलं की ती चूक पुन्हा सहसा होत नाही.

मेळघाटी

अनियमित क्रियापदांच्या यादीचं राहूनच गेलं. ताई, ती यादी अकारविल्हे असेल तर पाठ करू देऊ नका. अक्षरांच्या क्रमाला तिथे काही अर्थ नाही, स्वरांच्या चालीला आहे.

ज्या क्रियापदांचा मधला स्वर बदलतो त्यांना जर्मन व्याकरणात 'बलवान' म्हणतात, बाकीची 'दुर्बळ'. ही नावं याकोब ग्रिमने आपल्या व्याकरणात १८१९ साली रूढ केली. परीकथा गोळा करणारे दोघे भाऊ, त्यांतला थोरला हा. मोठा व्याकरणकार होता. बलवान क्रियापदं दीड-दोनशेच्या घरात आहेत, पण बारावीला त्यातली रोजच्या वापरातलीच लागतात, आणि ती चार-पाच चालींत बसतात.

मूळ रूप – प्रेटेरिटुम – परफेक्टचं रूप, ह्या क्रमाने मोठ्याने म्हणून बघा. ट्रिंकेन – ट्रांक – गेट्रुंकेन. झिंगेन – झांग – गेझुंगेन. फिंडेन – फांड – गेफुंडेन. इ-आ-उ, एकच चाल. श्राइबेन – श्रीब – गेश्रीबेन. ब्लाइबेन – ब्लीब – गेब्लीबेन. ही दुसरी. श्प्रेषेन – श्प्राख – गेश्प्रोखेन, हेल्फेन – हाल्फ – गेहोल्फेन, नेमेन – नाम – गेनोमेन, ए-आ-ओ, तिसरी. लेझेन – लास – गेलेझेन, गेबेन – गाप – गेगेबेन, झेएन – झा – गेझेएन, ही चौथी, शेवटी स्वर मूळ जागी परत येतो. फारेन – फूर – गेफारेन, ट्रागेन – ट्रूग – गेट्रागेन, पाचवी. पाढ्यांसारखी तालात म्हणायची, रोज एकच चाल. ब्रिंगेन – ब्राख्टे – गेब्राख्ट आणि डेंकेन – डाख्टे – गेडाख्ट ही मिश्र जोडी वेगळी ठेवायची. त्यांचा स्वरही बदलतो आणि शेवटी दुर्बळांसारखा 'ट'ही येतो.

जा-गेला, ये-आला, कर-केला, घे-घेतला, मर-मेला. आपल्याकडचीही नेहमीचीच क्रियापदं अशी वाकडी आहेत. भाषेत जे रोज तोंडात येतं तेच वाकडं टिकून राहतं. क्वचित लागणारी क्रियापदं हळूहळू सरळ होत जातात. म्हणून ही यादी लहान आणि कामाची आहे, तिला डोंगर समजू नये.

अंबानगरी

मेळघाटींना अनुमोदन. परफेक्टच्या रूपाआधी येणारा 'गे' कुठे लागत नाही तेही ह्याच वेळी करून घ्या. बे, एर, फेर, एंट, त्सेर अशी सुरुवात असेल तर 'गे' नाही : बेकोमेन – बेकोमेन, फेरश्टेएन – फेरश्टांडेन. शेवटी 'ईरेन' असेल तरी नाही : श्टुडीर्ट, टेलेफोनीर्ट. आणि तुटणाऱ्या क्रियापदात 'गे' मध्ये शिरतो. वर्तमानात 'इष श्टेए उम फ्युन्फ उअर आउफ', पहिला तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जातो. परफेक्टमध्ये दोन्ही तुकडे पुन्हा जुळतात आणि मध्ये 'गे' : आउफगेश्टांडेन.

उच्चाराची एक सोय सांगते. 'झी'मधला झ आपल्या 'झरा'तला, 'झाड'मधला. 'त्साइट'मधला त्स म्हणजे आपल्या 'चाक'मधला, 'चोर'मधला च. हे दोन्ही आवाज विदर्भातल्या पोरांच्या जिभेवर आधीपासून आहेत. तोंडी परीक्षेत ते दबकत म्हणू नयेत.

तूर_हरभरा

ऑडिओसाठी : डॉइचे वेले, म्हणजे जर्मनीची रेडिओ-टीव्ही संस्था, तिचे धडे फुकट हायत, ए१ पासून बी१ पर्यंत. ग्योटे इन्स्टिट्यूट, म्हणजे जर्मन शिकवणारी न् परीक्षा घेणारी संस्था, तिच्या साइटवर नमुना पेपरही फुकट भेटतात, ऐकायच्या भागासकट. गावात रेंज नसन तं तालुक्याले गेल्यावर उतरवून घ्यायचे न् घरी ऐकायचे. भाऊ तसंच करते.

पैनगंगा

धडे उतरवून घेतले, धन्यवाद भाऊ. आता तिने स्वतः लिहिलेला मजकूर देते. विषय पोळ्याचा तिनेच निवडला. कृपया कडक तपासा.

'आन पोळा वीर हाबेन डी ऑक्सेन गेश्म्युक्ट. माइन फाटर इस्ट उम फ्युन्फ उअर आउफगेश्टांडेन. माइने मुटर हाट पुरणपोळी गेमाख्ट. आम नेष्स्टेन टाग झिंट डी किंडर मिट होल्ट्सऑक्सेन त्सू डेन नाखबार्न गेगांगेन. इष हाबे निष्ट माइने हाउसआउफगाबेन गेमाख्ट, वाइल वीर हाबेन बेझूख बेकोमेन.'

(पोळ्याला आम्ही बैल सजवले. बाबा पाच वाजता उठले. आईने पुरणपोळी केली. दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल घेऊन शेजाऱ्यांकडे गेली. मी गृहपाठ केला नाही, कारण आमच्याकडे पाहुणे आले होते.)

सेवाग्राम_ते_पुणे

वाचून आनंद झाला. तान्हा पोळा जर्मनमध्ये पहिल्यांदाच वाचला. पाचही वाक्यांत 'हाबेन' आणि 'झाइन' अचूक आहे, 'बेकोमेन'ला 'गे' लावलेला नाही, 'आउफगेश्टांडेन' बरोबर. चुका आहेत त्या सगळ्या जागेच्या.

पहिलं वाक्य : 'आन पोळा' आधी आलं, म्हणजे पहिली जागा भरली. दुसऱ्या जागी क्रियापदच हवं, 'वीर' त्याच्या मागे जाईल. 'आन पोळा हाबेन वीर डी ऑक्सेन गेश्म्युक्ट'. चौथ्या वाक्यात 'आम नेष्स्टेन टाग झिंट डी किंडर' हे तिने बरोबर केलंय, म्हणजे नियम कळलेला आहे, हात अजून मराठी क्रमाने जातो. मराठीत काळ-वेळ आधी टाकली तरी कर्ता हलत नाही, जर्मनमध्ये हलतो. रोज एखादं वाक्य घेऊन त्याची सुरुवात बदलून बदलून लिहायला लावा : काल, सकाळी, पोळ्याला, शेतात.

शेवटच्या वाक्यात दोन गोष्टी. 'निष्ट' क्रियापदाच्या शेपटाजवळ : 'इष हाबे माइने हाउसआउफगाबेन निष्ट गेमाख्ट'. आणि 'वाइल' आला की सहायक क्रियापद अगदी शेवटी : 'वाइल वीर बेझूख बेकोमेन हाबेन'. 'कारण आमच्याकडे पाहुणे आले होते', मराठीतही शेवटचा शब्द तोच, सहायक. 'वाइल' (कारण), 'डास' (की), 'वेन' (जर, जेव्हा) ह्यांच्यापुढे मराठी क्रम जसाच्या तसा चालतो. तिथे तिने बिनधास्त मराठीत विचार करावा. इंग्रजीतून गेलेली मुलं नेमकी तिथेच अडखळतात.

अंबानगरी

तोंडीसाठी एक गोष्ट. परीक्षक हमखास विचारतात, 'वास हास्ट डू आम वोखेनएंडे गेमाख्ट?' शनिवार-रविवारी काय केलंस? प्रश्नात 'हास्ट' आहे म्हणून मुलं सगळी उत्तरं 'हाबे'ने सुरू करतात आणि 'इष हाबे नाख यवतमाळ गेफारेन' म्हणून बसतात. प्रश्नातलं क्रियापद 'करणं' आहे, उत्तरातलं 'जाणं'. सहायक आपल्या उत्तराचं घ्यायचं. 'इष बिन मिट डेम बुस नाख यवतमाळ गेफारेन. डोर्ट हाबे इष आइन हेफ्ट गेकाउफ्ट.' मी बसने यवतमाळला गेले, तिथे एक वही घेतली. एका श्वासात 'बिन' आणि 'हाबे' दोन्ही आले की परीक्षकाला कळतं.

पैनगंगा

तिने ही दोन वाक्यं वहीत उतरवून घेतली आणि तिसरं स्वतः जोडलं : 'माइने मुटर हाट आउफ डेम फेल्ट गेआर्बाइटेट, उंट इष बिन आम आबेंट त्सू हाउझे गेब्लीबेन'. आई शेतात काम करत होती आणि मी संध्याकाळी घरी राहिले. बरोबर आहे का?

सेवाग्राम_ते_पुणे

पूर्ण बरोबर. 'उंट'नंतर क्रम बदलत नाही, हेही तिने सांभाळलंय. आता तेच वाक्य 'आम आबेंट'पासून सुरू करून लिहायला सांगा.